गंज कुठे लागतो

अण्णांनी वॅगन हातात घेतली आणि आधी उलटी केली. मी तीन रविवार घालवून वरून रंगवलेली, गंजवलेली, मळवलेली वॅगन, आणि हा माणूस तिचं पोट बघतोय. पोट बघून झाल्यावर "हं" म्हणाले, मग सुलटी करून डोळ्यांपासून चार बोटांवर धरली, चारही बाजूंनी फिरवली आणि म्हणाले, "गंज छान केलायस रे. पण चुकीच्या जागी लावलायस."

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत टीएक्सआर होते. टीएक्सआर म्हणजे ट्रेन एक्झामिनर, ज्यांच्या घरात रेल्वे नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाडी यार्डात आली की जो माणूस हातोडी आणि बॅटरी घेऊन वाकून वाकून एकेक चाक, एकेक स्प्रिंग, एकेक ब्रेक बघत जातो तो. चाकावर हातोडी मारली की ठण्ण वाजलं पाहिजे, दबका आवाज आला तर काहीतरी गडबड आहे. माझ्या लहानपणी ते कलिंगड घेताना पण तसंच ठोकून बघायचे आणि आईला लाज वाटायची. आयुष्यभर खऱ्या वॅगनी बघितलेल्या माणसाला मी बारा सेंटिमीटरची वॅगन दाखवायला गेलो होतो, म्हणजे हलवायाच्या घरी पेढे घेऊन गेल्यासारखं.

आमचा छंद थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मॉडेल रेल्वे करतो, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७. २१ मीटरचा आयसीएफ डबा या हिशोबात २४५ मिलिमीटरचा होतो आणि बॉक्सएन वॅगन, ती कोळशाची उघडी उंच वॅगन, साधारण १२३ मिलिमीटरची. रूळ मात्र बाजारात मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनवलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे खरं तर १९ मिलिमीटरच्या वर पाहिजे. त्यामुळे समोरून बघितलं की माझ्या सगळ्या गाड्या जरा पाय जोडून उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. स्वतः १९ मिलिमीटरचे रूळ बनवणारे तपस्वी लोक असतात, मी त्यातला नाही.

मी करतोय तो भोर घाट. सगळा अर्थातच नाही. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, ते १:८७ मध्ये सुद्धा ३२० मीटर होतात, आणि चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सहा मीटरच्या वर, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमधून माझं लोणावळा जाईल. माझ्याकडे आहे आठ फूट बाय अडीच फूट टेबल. त्यात ३७ ला १ चा चढ दिला की आठ फुटांत गाडी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर वर जाते. एवढ्यात एक बोगदा, एक वळण, ठाकूरवाडीसारखी वाटणारी एक केबिन, एक सायडिंग आणि मागे कातळ. काळ १९९० च्या आसपासचा, लाल-मरून डबे, मागे ढकलायला कर्जतहून लागणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, कारण मी तेच बघत मोठा झालो. सुट्टीत आजोळी पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबली की मागे इंजिनं लागतायत तो धक्का अंगाला जाणवायचा आणि वडापाववाल्यांची पळापळ व्हायची.

आता मळवण्याबद्दल. आमच्या घरात नवीन वस्तू आली की आधी तिच्यावर कव्हर चढायचं. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर, स्कूटरच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तर दोन वर्षं फाटेपर्यंत तसंच. त्यामुळे पहिलं इंजिन जेंव्हा घेतलं, अर्धा पगार घालून, तेंव्हा ते मी फडक्याने पुसून काचेच्या कपाटात ठेवलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून, तिथे शाळेत असताना पहिल्यांदा गेलो आणि तोंडाचा आ मिटला नव्हता, सिग्नल लागतायत, गाड्या थांबतायत, सर्कस काय, स्विमिंग पूल काय. डोक्यात बसलं ते हेच की मॉडेल म्हणजे लखलखीत.

मग नेटवर जॉन ॲलन भेटला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीचा फोटोग्राफर, आपल्या घराच्या तळघरात एचओ रेल्वे करायचा, नाव ठेवलं होतं गोर अँड डफेटिड, जे इंग्रजीत मोठ्याने म्हटलं की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं काहीतरी ऐकू येतं. इतर लोक आपली मॉडेलं चकाकवत होते त्या काळात ह्याने ती मुद्दाम जुनी, धुरकट, गळकी केली, छपरं खचवली, लाकडं कुजवली. तो फोटोग्राफर होता हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण चकचकीत प्लास्टिक फोटोत लगेच खोटं पडतं, खऱ्या मोठ्या वस्तूवर उजेड असा चमकतच नाही. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घराला आग लागून बहुतेक सगळं जळालं. मला हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, बायको म्हणाली कोण गेलं, म्हटलं अमेरिकेतला एकजण, १९७३ ला.

तर मी पण मळवायला घेतलं. व्हिडिओ बघून बघून. आधी रेड ऑक्साइड मारायचं, तेच जे आपण खिडकीच्या ग्रिलला मारतो, मग त्यावर मीठ. हो, खायचं मीठ. पृष्ठभाग ओला करून चिमूटभर मीठ टाकायचं, वाळू द्यायचं, वर दुसरा रंग फवारायचा आणि मग ते मीठ ब्रशने खरवडून काढायचं, मीठ होतं तिथे खालचा गंज डोकावतो, अगदी रंगाचे पोपडे उडाल्यासारखं. मग पातळ काळपट-तपकिरी रंगाचा हात, जो खाचाखोचांत जाऊन बसतो. मग कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग. मग पावडर. पावडरी परदेशातून मागवायच्या तर वॅगनपेक्षा महाग, म्हणून मी पूजेच्या सामानाच्या दुकानातून गेरू आणला. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच की. गंज पण तेच. म्हणजे मी गंजाचा रंग लावत नव्हतो, जवळजवळ गंजच लावत होतो, आणि ह्या शोधावर इतका खूश होतो की सगळ्या वॅगनभर लावत सुटलो. वर कडेला जास्त, कारण पाऊस वरून पडतो ना.

"पाऊस वरून पडतो, पण राहतो कुठे?" अण्णा म्हणाले.

आणि मग तासभर जे ऐकलं ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. बॉक्सएनमध्ये ओला कोळसा येतो, कोळशात गंधक असतं, पाणी खाली निथळून तळाशी साचतं आणि त्याचं आम्ल होतं, ते पत्र्याला आतून खातं. म्हणून वॅगन सडते ती खालच्या वीतभरात, दारांच्या सांध्यात, फ्लोअरच्या कडेला. वरचा पट्टा फक्त फिकट होतो, उन्हाने. आतल्या भिंती गंजक्या पण घासलेल्या, कारण दर खेपेला कोळसा घासून जातो. पत्र्याला पोचे येतात ते बाहेरून आत नाही, आतून बाहेर, कारण रिकामी करताना यंत्राची बादली आतून आदळते. मी पोचे आत दिले होते, ड्रायव्हर लोकांनी रिक्षा ठोकल्यासारखे. शिडीच्या पायऱ्या आणि हँडब्रेकचं चाक गंजलेलं दाखवलं होतं, तर "जिथे रोज हात लागतो तिथे गंज बसत नाही, तिथे चकाकतं." आणि सगळ्यात भारी म्हणजे ओव्हरहॉलच्या तारखेचा चौकोन. तारीख नवी घालायची तर जुनीवर रंगाचा एक पट्टा ओढतात आणि त्यावर स्टेन्सिल मारतात, म्हणजे सगळी वॅगन म्हातारी आणि मधेच एक चौकोन कोराकरकरीत. हे मी शेकडो वेळा प्लॅटफॉर्मवरून बघितलं असणार. बघितलं होतं का पण?

जाता जाता त्यांनी माझी भाषा पण सुधारली. मी डब्याला बोगी म्हणतो, आपण सगळेच म्हणतो. "बोगी म्हणजे खालचं चाकांचं गाडं. वर बसतोस तो डबा. चाळीस वर्षं रेल्वेची भाकरी खाल्लीस आणि बोगी म्हणतोस." भाकरी त्यांनी खाल्ली होती, मी त्यांच्या ताटातली, पण ठीक आहे.

त्या दिवसापासून माझा सगळा घाटच मी संशयाने बघायला लागलो. कातळ आधी. मी कातळ केला होता प्लास्टर ऑफ पॅरिसचा, चुरगळलेल्या चांदीच्या कागदात ओतून, दिसायला झकास पण तो सह्याद्री नव्हता. व्हिडिओवाले सगळे रॉकी पर्वतातले, त्यांचे थर तिरके, टोकदार. आपला बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, त्याच्या रेघा आडव्या, कडा मग पायरी, कडा मग पायरी. ह्या दगडाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, तो स्वीडिश शब्द आहे पायऱ्यांसाठी. सगळं फोडलं. थर्माकोलच्या पट्ट्या आडव्या रचल्या, वर प्लास्टर, ओलं असतानाच जुन्या दाढीच्या ब्लेडने आडवं ओरबाडलं. रंग काळा नाही द्यायचा, हे मी शिकलो ते चुकून. खरा काळा रंग एवढ्याशा वस्तूवर भोकासारखा दिसतो, राखाडीत थोडा पांढरा मिसळून लांबून बघितल्यासारखा करावा लागतो. पाणी झिरपतं तिथे मात्र खरोखर काळा ओघळ, आणि ओघळाच्या काठाला शेवाळी.

पायऱ्यांवर गवत. ऋतू कोणता ह्यावर मी आठवडाभर अडलो होतो. पावसाळा सगळ्यांना आवडतो, पण हिरवागार घाट टेबलावर कॅलेंडरसारखा दिसतो. मी दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस धरले, गवत वरून पिवळं पडायला लागलेलं आणि बुडाशी अजून हिरवं. त्यासाठी केरसुणीचे शेंडे आणि नारळाचा काथ्या बारीक कापून. झाडांना तारा पिळत बसायचो आधी, मग आईने देवापाशी ठेवलेला आंब्याचा वाळका मोहोर दिसला. काय सुंदर फांदी असते त्याची, कुठल्या कारखान्याला जमणार नाही. स्पंज मिक्सरमधून काढून, रंगवून, पातळ फेविकॉलमध्ये बुडवलेल्या मोहोरावर शिंपडायचा. मिक्सरचं भांडं माझं वेगळं आहे, विचारू नका कसं वेगळं झालं.

मातीसाठी चहाची वापरलेली पावडर वाळवून वापरली. जुलैत तिला बुरशी आली. पांढरी, लव असलेली, बोगद्याच्या तोंडापासून सायडिंगपर्यंत. माझीच घाई, नीट उन्हात कडक वाळवायला पाहिजे होती. पण लांबून बघितलं तर खरं सांगतो, धुकं उतरल्यासारखं दिसत होतं, दोन फोटो काढले आणि मग खरवडलं.

खडीची गोष्ट मात्र वेगळी सांगतो कारण तिथे माझं एक इंजिन गेलं. रुळाखालची खडी पन्नास मिलिमीटरची धरली तर एचओमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. म्हटलं परदेशी खडीचं पाकीट कशाला, शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथे कच पडलीय, दगड तोच, काळा बेसॉल्ट, खऱ्या लायनीवर टाकतात तोच. वॉचमनला विचारून पिशवीभर आणली, धुतली, वाळवली, चहाच्या गाळण्याने गाळली, रुळांत पसरली, ड्रॉपरने आधी स्पिरिट आणि मग पाणी घातलेला फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब म्हणजे गोंद खाली मुरतो. दिसायला असं की मी स्वतःच हळवा झालो. तीन आठवड्यांनी इंजिन घरघरायला लागलं, मग अडकलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी लव चिकटलेली. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, लोहचुंबकाला धावत जाऊन चिकटणारं, आणि जे कण गोंदातून सुटले ते इंजिनाने शोषून घेतले. आता कच आणली की आधी कागदावर पसरून खालून-वरून चुंबक फिरवतो. फ्रिजवरचा गणपती ह्या कामाला लागलाय.

रुळांच्या बाजू गंजक्या तपकिरी, वरची धार चकचकीत, एवढं मला माहीत होतं. दोन लायनी होत्या माझ्या, दोन्ही सारख्या रंगवल्या. अण्णा दिवाळीत आले आणि विचारलं, "ह्यातली अप कुठली?" भोर घाटातली गंमत ही की घाट चढते ती डाउन आणि उतरते ती अप, कारण मुंबईपासून लांब जाते ती डाउन, चढाचा संबंध नाही. मी दाखवली. म्हणाले, "मग ती लाल पाहिजे."

कारण चढणारी गाडी ब्रेक लावत नाही. उतरणारी सगळा घाट ब्रेकवर उतरते, मधे थांबून ब्रेक तपासतात सुद्धा. तेंव्हाचे ब्रेक ब्लॉक बिडाचे, चाकावर घासून त्यांचा भुगा उडायचा, तो खडीवर, स्लीपरवर, डब्यांच्या खालच्या अंगावर बसायचा आणि गंजायचा. त्या काळच्या डब्यांचं पोट तपकिरी का, तर मातीने नाही, स्वतःच्याच ब्रेकच्या भुग्याने. शेजारी शेजारी दोन लायनी, एकीची खडी करडी आणि एकीची विटकरी. मी तेवढी एक लाइन पुन्हा केली, वाटीत गेरू आणि काव, मऊ ब्रश, उताराच्या दिशेने हात. टेबलावर पहिल्यांदा उतार दिसायला लागला. साडेसहा सेंटिमीटर डोळ्याला कळत नव्हते, ते रंगाने कळले.

बोगद्याच्या तोंडाला मी काजळी फासली होती, दिव्यावर धरलेल्या वाटीची, अस्सल. ती पण गेली. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर, घाटात तारा तेंव्हापासूनच्या, माझ्या १९९० च्या बोगद्यावर साठ वर्षं पाऊस पडलाय. तिथे काजळीपेक्षा झिरपणाऱ्या पाण्याचे पांढरट ओघळ जास्त आणि दगडांच्या सांध्यांतून नेचे. बांधणाऱ्यांचाही विचार येतो मधेच. घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला, पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिसने, हातात घेतलं, आणि १८६३ ला लाइन सुरू झाली. मजूर किती मेले त्यांची नावं कुठे नाहीत. नेचे मी हिरव्या लोकरीचे केलेत, चिमट्याने, प्रत्येकी दोन मिलिमीटर.

डबे मळवणं हा तर वेगळाच विषय, तिथे अण्णांची गरज नाही, तिथे आपण सगळेच एक्स्पर्ट. खिडक्यांखालचे ओघळ आठवा. दाराशेजारी कात लालसर, उडालेला मागच्या बाजूला, कारण गाडी पुढे जात असते, पिचकारी सरळ खाली येत नाही. संडासाखालचा पांढरट-पिवळट भाग. मी हे सगळं केलं आणि बायकोने डबा बघून हात धुतले. ह्याहून मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही.

मधल्या काळात ती पहिली वॅगन मी परत केली, सगळी घासून, नव्याने. खालचा वीतभर, म्हणजे अडीच मिलिमीटर, सडवला, एके ठिकाणी पत्रा आरपार खाल्लेला दाखवला सुईने. पोचे आतून बाहेर. शिडीच्या पायऱ्यांवर पेन्सिलीचं शिसं घासलं म्हणजे हात लागल्याची चमक येते. तारखेचा चौकोन कोरा. आतून गेरू आणि कोळशाची पूड मिसळून घासली, वर मॅट व्हार्निश, नाहीतर गेरू हाताला लागतो आणि घरभर माझ्या बोटांचे ठसे उमटतात, हेही झालेलं आहे. सायडिंगला लावून ठेवली आणि अण्णांना काही बोललो नाही.

ते टेबलापाशी आले, लगेच ओळखली. बराच वेळ बघत होते. चौकोनावर बोट ठेवलं आणि हसले. मला वाटलं झालं, पास. मग त्यांनी ती उचलली आणि परत उलटी केली.

"ब्रेक कुठायत?"

खाली ब्रेक मी केलेच नव्हते. कोण बघणार खाली. पहिल्या वेळी पण त्यांनी हेच बघितलं होतं आणि "हं" म्हणाले होते, तेंव्हा बोलले नाहीत, माझा उत्साह बघून असेल. आता मात्र नातीच्या कंपासमधली पांढरी पेन्सिल मागितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या तीन रविवार अधिक पाच रविवारांच्या वॅगनच्या अंगावर, बरोब्बर मधोमध, लिहिलं, "सिक". यार्डात नादुरुस्त वॅगनवर खडूने लिहायचे तसं, एका झटक्यात, हात न उचलता. अक्षरं पाच मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या वॅगनवर जवळजवळ दीड फूट. स्केलला एकदम चूक. मी व्हार्निश मारून ती पक्की केली.

परवा फोनवर आईशी बोलून झालं, मग त्यांनी फोन घेतला. बीपी, औषधं, पाऊस झाला, मग म्हणाले, "ती वॅगन फिट झाली का?"

म्हटलं, "ब्रेक बीम झालेत अण्णा, ब्लॉक राहिलेत. आठ आहेत, तांदळाच्या कणीएवढे. सहा झालेत."

"मग राहू दे सायडिंगला," म्हणाले, "सहा ब्लॉकवर घाट उतरवू नकोस."